तिच्या नंबरचा चष्मा

"बाहेर उगाच खर्च कशाला, म्हटलं वडिलांचंच दुकान आहे," सोबत आलेल्या ताई मोकळेपणाने म्हणाल्या आणि अंधाऱ्या खोलीच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. तपासणीच्या खुर्चीत चष्मेवाल्याची लेक बसली होती. दोन वर्षांनी बापलेक समोरासमोर येत होते, तेही ती साबणाची खोकी घेऊन जिन्यावरून गडगडली म्हणून.

स्वतःला 'परिवार' म्हणवणाऱ्या लोकांत ती राहायला गेली होती. तिथे साबण करायचे, विकायचे आणि प्रमुखांचं ऐकायचं. प्रमुखांना सगळे थोरले म्हणत. आईबाप फाटकापर्यंत जाऊन कितीदा हात हलवत परत आले होते. चष्मा म्हणजे देहाचे लाड, असं थोरल्यांनी सांगितल्यावर लेकीने तो काढून दिला होता. तिचा नंबर एवढा मोठा, की चष्म्याविना चार पावलांवरचा माणूस तिला आवाजावरून ओळखावा लागे.

घरचं काही बोलायचं नाही, असं परिवाराच्या या ताईंनी आल्याआल्या बजावलं होतं. कामाचं बोलायला हरकत नव्हती. मग चष्मेवाल्याने कामच लांबवलं. एरवी चहा निवायच्या आत गिऱ्हाईक वाटेला लावणारा हा माणूस काचेमागून काच बदलत राहिला. हे बरं की हे? दुसरं. आता? पहिलं. तिच्या हातांची सालं निघाली होती, गाल बसले होते. ते सगळं तो पाहत होता आणि बरं की वाईट एवढंच विचारत होता. ताई खोकत पाणी प्यायला वळल्या, तेव्हा कुठे त्याला संधी मिळाली.

"घरी येतेस?"

त्याने न सांगताच तिने शेवटची ओळ वाचायला घेतली. एकही अक्षर चुकलं नाही.

बारीक झालीय का, असं घरी बायकोने विचारलं. नाही, असं ठोकून देऊन तो मोकळा झाला. फ्रेम बायकोने निवडली, काचांच्या कडा त्याने स्वतः घासल्या. एकदा ते जिने, ती माणसं, थोरल्यांचं तोंड तिला लख्ख दिसलं, की पोरगी आपल्या पायांनी परत येईल, असं त्याने मनाशी धरलं होतं. हा खुळेपणा आहे हे त्यालाही कळत होतं, पण दुसरं त्याच्या हातात काय होतं?

ताई चष्मा घेऊन गेल्या. काही दिवसांनी तोच चष्मा दुकानात परत आला, एका म्हाताऱ्या बाईच्या नाकावर. तिच्या हातात साबणाची पिशवी होती. चष्मा लावला की डोकं ठणकतं, अशी तिची तक्रार होती.

"हा तुमच्याकडे कसा?"

"थोरल्यांनी दिला. त्या पोरीचा जीव फार अडकला होता त्यात. मग म्हणाले, देऊन टाक कुणाला तरी." बाई भाबडेपणाने सांगत होती.

तो चष्मा ओढून घ्यावा आणि म्हातारीला हाकलून द्यावं, इतका त्याला संताप आला. पण ती बिचारी डोळे चोळत उभी होती. शेवटी त्याने तिला तपासलं, तिच्या नंबरचा चष्मा करून दिला आणि लेकीचा तिच्याच हाती परत पाठवला. जिचा आहे तिलाच द्या, असं पुन्हापुन्हा सांगितलं. तिने दिलाही असणार, आणि थोरल्यांनी तो पुन्हा काढून घेतला असणार.

कारण महिनाभराने एक उंच, तरुण बाई भिंत चाचपत दुकानात शिरली, आणि तिच्याही नाकावर तोच चष्मा होता. बायको नेमकी दुकानात होती. फ्रेम तिने लगेच ओळखली.

"पुरे आता," ती म्हणाली. "किती जणांना पुरवणार आहात?"

चष्मेवाल्याने त्या तरुण बाईलाच विचारलं, तिकडे आणखी किती जणांना नीट दिसत नाही.

"तसं कुणी विचारलं नाही कधी," ती म्हणाली.

"मग एकेकाला इकडे पाठवा. सगळ्यांना पाठवा." आणि बायकोकडे न बघता तो पुढे म्हणाला, "द्यायला कुणी उरलंच नाही, की राहील तिचा तिच्याजवळ."

त्याने बाईच्या नाकावरून चष्मा अलगद काढून बाजूला ठेवला, खोलीतला दिवा बंद केला आणि तिला वरच्या ओळीपासून वाचायला सांगितलं.