आबांनी धरलेला अँटेना

“वैनी, ह्या पाइपाला चारी बाजूनं तारा ताणून घ्या. न्हाय तर वारा सुटला की कुणाला तरी धरून उभं ऱ्हावं लागंल,” मानसिंग रेडिओवाला मला स्लॅबवर चढवताना बजावत होता. रोहिणीचं अर्धं लक्ष खिळ्यांकडे रांगत निघालेल्या यशराजकडे. “बांधू हो. आधी चित्र तर दिसू द्या,” म्हणत तिने पोराला उचललं आणि विषय तिथेच मिटला.

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. बारामतीच्या बाजारातून सायकलला बांधून जळोचीत आलो. सगळी उमेद त्या बिनकठड्याच्या स्लॅबवर घालवली. आता परसात माझ्यावर घेवडा चढलाय. बरं आहे. घेवडा निदान ‘फिरवा, फिरवा’ म्हणून ओरडत नाही.

त्या वर्षी रविवारी दुपारी हेरांची मालिका लागायची, एका गाजलेल्या जुन्या कादंबरीवरची. बंदराचे नकाशे शत्रूला कोण पुरवतं, ही त्यातली मेख. रोहिणीच्या कॉलेजातल्या पुस्तकांत ती कादंबरी होती आणि तिच्या सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, म्हणजे घरच्यांच्या आबांनी, ती दोनदा वाचून काढली होती. मालिकेची सगळ्यात जास्त ओढ त्यांनाच.

आणि बघायला मिळाली नाही तीही त्यांनाच! वाऱ्याने मी जरा मान वळवली की खाली पडद्यावर मुंग्या. मग आप्पासाहेब शिडीने वर. त्यांनी पाइप धरला की चित्र यायचं, सोडला की जायचं. आतून लगेच हुकूम सुटायचा, आबा, हलू नका. शेजारच्या लीलाबाई तर म्हणायच्या, “अँटेना एक इकत घेतलाय, दुसरा घरचाच हाय.” सगळे हसायचे. आबाही हसायचे. मला मात्र चीड यायची.

शेवटच्या भागात नकाशे पुरवणारा कोण ते कळणार होता. आळीतली माणसं घरात दाटलेली, वर ऊन मी म्हणत होतं.

“दिसतंय का गं?” आबांनी विचारलं.

खाली सगळे पडद्याला डोळे लावून बसलेले. चित्र स्वच्छ होतं ना! मुंग्या आल्या तरच ह्यांना स्लॅब आठवायचा.

त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज बारीक झाला होता, हात घामाने निसटत होते. मला कुठली हाक मारता येणार? ते पाइप धरूनच खाली बसले आणि त्यांच्याबरोबर मीही वाकलो.

खाली एकच गिल्ला झाला. आबा, फिरवा की. ऐन वेळेला काय हे! रोहिणीही वैतागून अंगणात आली, यशराजला काखेत घट्ट धरून. पोर पडेल, भाजेल, काही गिळेल, ह्या काळजीने तिचा डोळा त्याच्यावरून हलायचा नाही. तिने वर पाहिलं. आबांचे पाय काठाबाहेर लोंबत होते.

पोर लीलाबाईंच्या हातात देऊन ती शिडी चढली. आबांना बगलेत हात घालून मागे ओढलं, पदराने सावली केली, खालून पाणी मागवलं.

दोन घोट पोटात गेल्यावर ते म्हणाले, “पुस्तकात पोस्टमास्तर हाय. हितं कोण निघाला?”

“माहीत नाही, आबा,” रोहिणी म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी चित्र स्वच्छ दिसतंय? मग जाहिरातीची वाट बघू नका. आत्ता उठा, वर जा, आणि पाइप धरून कोण उभं आहे ते बघून या.