तिनेच सोडवलेला पेपर

आमच्या धुलाई कारखान्यात इस्पितळांच्या चादरी येतात. त्यांवर काय काय असतं ते सांगत नाही. तुम्हाला अजून जेवायचं असेल. माझी धाकटी जाऊ तिथे मळकी गाठोडी उघडून चादरी निवडते. दिवसभर उभी. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा. आमच्या खात्यात खुर्ची एकच, सुपरवायझरची.

मग कंपनीने फतवा काढला : शिका आणि वर चढा. संगणकावर धडे बघायचे, परीक्षा द्यायची, जास्त मार्कवाल्याला खुर्ची. जाऊ हरखली. भाजी निवडताना मला धडे ऐकवायची.

"ताई, पाणी कोमट असलं तर जंतू मरत नाहीत, नुसते न्हातात."

"आपल्या घरच्या पुरुषांसारखेच की. न्हातात, सुधारत नाहीत."

तिने परीक्षा दिली. थोडी उत्तरं चुकली. बरोबर कोणती ते संगणकाने नंतर दाखवलं. आता आमच्याकडची रीत अशी, की ज्याला संगणक जमतो त्याने बाकीच्यांचेही पेपर उरकून द्यायचे. आमच्याच खात्यातला साहेबांचा मेव्हणा आला.

"वहिनी, माझंही तेवढं उरका. खुर्ची कोणाला हवीय? आपलं हजेरीपुरतं."

मी जावेच्या कानात म्हटलं, "अगं, मुद्दाम चार चुका कर."

"चुकीचं उत्तर दाबायला हात धजत नाही हो, ताई."

झालं. मेव्हण्याला पैकीच्या पैकी. साहेबांनी केक कापला, 'गुणवत्तेला पर्याय नाही' म्हणाले. मी तडक त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं.

"म्हणजे लबाडी तिने केली? मग तिलाच काढावं लागेल," म्हणाले, आणि बोटाचं क्रीम चाटलं. माझ्या तोंडातला केकचा घास मी कचऱ्याच्या डब्यात थुंकले.

पुढच्याच आठवड्यात मेव्हण्याने खुर्चीतूनच हाक मारली. "वहिनी, मॅनेजरचा कोर्स आलाय. तेवढा द्या ना उरकून."

"मला कुठे जमणार, भाऊजी? मार्क तर तुमचेच जास्त."

तो चिकट हसला. "रुसू नका हो. घरचंच काम समजा."

जाऊने पुढचं गाठोडं उचललं आणि त्याच्या टेबलाशी आणून उघडलं. भपकारा सुटला. नाकाला रुमाल लावून तो ओकाऱ्या देत बाहेर पळाला. खुर्ची रिकामी झाली.

"बस गं घटकाभर," मी म्हटलं. "पाय बघ कसे झालेत."

तिने खुर्चीकडे पाहिलं, मग हातातल्या चादरीकडे.

"नको, ताई. ही निदान धुऊन निघते."