बासष्ट, कुणाच्या मानाने?

रविवारी जेवणं उरकली, तशी मेलेनाइते आत्याने चष्मा पुसला, हात पुढे केला आणि म्हणाली, "आण."

लोसेलीने घडी घातलेला कागद तिच्या हातात दिला. निकाल कुणाचाही असो, फिफितांच्या घरात तो आधी बापाची थोरली बहीण बघणार. बाकीच्यांनी घडी उघडायची नाही. लोसेलीने गुरुवारीच मोबाइलवर तो सात वेळा वाचला होता, पण तसं कबूल करायचं नसतं. बाप सेमिसी खाली चटईवर बसला होता, कारण ताई खुर्चीत असताना तो खुर्चीत बसत नाही. त्याला टोंगाहून सिडनीत येऊन तीस वर्षं झाली, माउंट ड्रुइटमध्ये स्वतःचं घर झालं, तरी लग्न, मयत, बारसं, कशातही शेवटचा शब्द ताईचाच. हे बदलावं असं त्या घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं. लोसेलीलाही नाही, निदान त्या दुपारपर्यंत.

"बासष्ट," आत्या म्हणाली.

अळूच्या पानांत शिजवलेल्या मांसाची थाळी उचलायला निघालेली आई तिथेच थबकली.

"वर्षभर गाडीत बसून काय वाचत होतीस तू?"

"आत्या, हे शंभरपैकी नाहीत."

"मग कितीपैकी आहेत?"

आता हे सांगायचं कसं? पदवी झाल्यावर डॉक्टरकीला जायचं तर ही एक परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या गुणांची रीत ज्याने कुणी बसवली त्याला ती कधी स्वतःच्या आत्याला समजावून सांगावी लागली नसणार. आकडे शंभरपर्यंत आहेत, पण शंभर कुणालाच पडत नाहीत. पंचावन्न-छपन्नपाशीच निम्मी मुलं मागे पडलेली असतात. पास नाही, नापास नाही. तुम्ही किती बरोबर लिहिलंत यापेक्षा बाकीच्यांच्या किती पुढे आहात, याचा तो आकडा. लोसेलीने हे सगळं सांगायला तोंड उघडलं, पण दुसऱ्या वाक्यालाच आत्याचा हात वर झाला.

"सबबी नकोत. नुकुअलोफाच्या शाळेत सव्वीस वर्षं पोरींचे पेपर तपासलेत मी. बासष्टवाल्या माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायच्या."

तिने पर्समधून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, इथे भावाजवळ येऊन राहिली, तरी ते पेन काही सुटलं नव्हतं. बासष्टभोवती तिने गोल काढला आणि शेजारी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'असमाधानकारक'.

"उभी राहा आणि वाच."

लोसेली चोवीस वर्षांची. प्रयोगशाळेत रोज चाळीस माणसांचं रक्त काढते, म्हाताऱ्यांच्या न सापडणाऱ्या शिरा पहिल्या टोचणीत शोधते. ती उभी राहिली आणि आईबापासमोर, दोन धाकट्या भावांसमोर तिने तो शब्द वाचला.

"अर्ज करायचा नाही," आत्या म्हणाली. "नकार आला की चर्चमध्ये मी कुणाला तोंड दाखवू?"

सेमिसी चटईची वीण बघत राहिला. त्याने वर बघितलं असतं तरी लोसेलीला पुरलं असतं. तेवढंही त्याने केलं नाही, याचा तिला आत्याच्या शेऱ्याइतकाच राग आला.

अर्ज भरून तयार होता. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं, आणि मुदत होती शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. चोरून दाबता आलं असतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, मंगळवारी कामावरून सुटल्यावर, दोनदा तिचं बोट बटणापाशी गेलं आणि परत आलं. चोरून मिळवलेल्या जागेचं करायचं काय? उद्या ती डॉक्टर झाली तरी त्या घरात आत्याला फसवून झालेली डॉक्टर म्हणूनच राहणार. तिला परवानगी हवी होती, आणि तीही समोरासमोर. बुधवारी तिने पुन्हा विषय काढला तेव्हा आत्या म्हणाली, "तुझा तो क्लासचा मास्तर आहे ना? त्याच्या तोंडून ऐकू दे मला. मास्तर मास्तराशी खोटं बोलत नाही."

क्लासवाल्यांनी वेळ दिली ती नेमकी शुक्रवारी, दुपारी साडेतीनची.

पॅरामाटाला क्लासवर जाताना आत्या पूर्ण तयारीनिशी निघाली. काळा पोशाख, कंबरेला विणलेल्या चटईचा ताओवाला, हातात पंखा. असा थाट ती मयताला करते किंवा राजघराण्यातलं कुणी येणार असेल तर. क्लासच्या दारावर यशस्वी मुलांचे हसरे फोटो लावले होते. आत्याने प्रत्येकापुढे थांबून आडनावं वाचली. 

मास्तरचं नाव लॅकलन. वय फार तर तीस. "हाय लोसेली, हाय मेलेनाइते, बसा बसा," तो म्हणाला. पासष्ट वर्षांच्या, अख्ख्या घराण्यात सगळ्यात मानाच्या बाईला त्याने दारातच नावाने हाक मारली. लोसेलीने मान खाली घातली. आत्या मात्र शांतपणे खुर्चीत बसली आणि तिने कागद टेबलावर ठेवला.

"अरे वा, हा शेरा कुणी मारला?" लॅकलन हसला.

"मी."

"कडक आहात हं. पण खरं सांगायचं तर चूक नाही. पासष्टच्या खाली मुलाखतीला बोलावत नाहीत. उगाच खोटी आशा मी कुणाला दाखवत नाही. यंदा अर्ज सोडून द्यायचा. आमची पुढची बॅच जूनमध्ये सुरू होतेय, हा फॉर्म."

फॉर्म टेबलावरून सरकत लोसेलीसमोर आला. आत्या मान हलवत होती. पंखा संथ चालला होता. लोसेलीने घड्याळ बघितलं, चारला पाच कमी. संपलं, तिच्या मनात आलं.

मग लॅकलनला वाटलं की आपण जरा गोड बोलावं.

"पण मन लहान करू नका," तो आत्याकडे झुकून म्हणाला. "तुमच्या लोकांच्या मानाने बासष्ट म्हणजे कमालच आहे. बेटांवरची मुलं इथवर येतच नाहीत. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

पंखा थांबला.

"कुणाच्या मानाने?"

"म्हणजे... तुमच्याकडच्या."

"तसं या कागदावर लिहिलंय? कुठे ते दाखव."

"नाही, कागद सगळ्यांना एकच असतो."

"पेपर?"

"पेपरही एकच."

"मग हे मान तू कुठून आणलंस?"

लॅकलनने हसायचा प्रयत्न केला. आत्या हसली नाही. रविवारी ती लोसेलीवर ओरडली होती, पण हा आवाज ओरडण्याचा नव्हता. सव्वीस वर्षं कॉपी पकडताना जो लागला असेल तो होता.

"बासष्ट वाईट असेल तर सगळ्यांच्या मानाने वाईट म्हण, मी ऐकून घेईन. मीच ते तांबड्या शाईत लिहिलंय. चांगलं असेल तर सगळ्यांच्या मानाने चांगलं म्हण. पोरीसाठी वाईट आणि टोंगाच्या पोरीसाठी छान, असला निकाल मी कधी लावला नाही आणि माझ्यासमोर तू लावायचा नाहीस. आता सांग, शंभर मुलं ओळीत उभी केली तर ही कुठे उभी आहे?"

त्याने स्क्रीन वळवला. वर चढत जाणारी रेघ, तिच्यावर एक ठिपका. "सत्त्याहत्तर हिच्या मागे आहेत," तो म्हणाला.

"सत्त्याहत्तर मागे. ती सगळी आमच्या बेटावरची?"

"नाही, नाही."

"मग कुठली?"

"सगळीकडची. सिडनी, मेलबर्न... चांगल्या चांगल्या शाळांतली."

"चांगल्या शाळांतली," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच लोसेलीकडे वळली. लोसेलीच्या घशाशी आलं होतं, की मी रविवारी हेच सांगत होते, आणि तुम्ही हात वर केलात. तिने ते गिळलं. आधी समोरच्याचा हिशेब होऊ दे.

"आणि तुम्ही पासष्ट म्हणता ते कसं काढता?" लोसेलीने लॅकलनला विचारलं.

"एकूण गुण. कागदावर आहे तोच आकडा."

"त्या एकूणमध्ये विज्ञान दोनदा धरतात. माझ्या यादीतली सहापैकी चार विद्यापीठं तसं धरत नाहीत. ती तिन्ही भाग सारखे धरतात. माझे सदुसष्ट, चौऱ्याहत्तर, आणि विज्ञानात चोपन्न. बेरीज करून तीनने भागा."

लॅकलनने कॅल्क्युलेटर शोधला. आत्याला कॅल्क्युलेटर लागला नाही.

"पासष्ट," ती म्हणाली. "बरोबर पासष्ट. तुला हे माहीत नव्हतं?"

"माहीत आहे ना. पण प्रत्येक विद्यापीठाचं गणित वेगळं. मुलं गोंधळतात, म्हणून आम्ही एकच आकडा सांगतो."

"मुलं गोंधळतात," आत्याने फॉर्मकडे बघितलं, "आणि बॅच भरते. चौऱ्याहत्तर कशात आहेत?"

"निबंधात," लोसेली म्हणाली.

 याच क्लासात याच माणसाने तिचे निबंध परत केले होते. फार उपदेश करतेस, चर्चमधल्या भाषणासारखं वाटतं, परीक्षकांना नाही आवडत, असं म्हणाला होता. तिने ऐकलं नाही, कारण ऐकायचं ठरवूनही हात वळेना. ती नऊ वर्षांची असल्यापासून दर शनिवारी आत्यासाठी एक निबंध. आधी टोंगाहून फोनवर विषय यायचा आणि पत्राने तपासलेला कागद परत यायचा, नंतर आत्या स्वतःच येऊन राहिली. मुद्दा पहिल्या ओळीत, दुसऱ्याचं म्हणणं दुसऱ्या परिच्छेदात, आणि शेवटी काय ते ठाम. तीन आकड्यांत सगळ्यात मोठा आकडा त्या शनिवारांचा होता, आणि रविवारी त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आत्याला ते कळलं असावं. तिने पंखा मिटला.

"किती वाजले?"

"चार वीस."

"ऊठ," ती म्हणाली. लोसेली उठायला लागली. "तू नाही. हा."

"मी?" लॅकलन म्हणाला.

"अर्ज करायचा नाही हे तू या खुर्चीतून सांगितलंस. करायचा तोही इथूनच होईल. ऊठ."

तो उठला. का उठला हे त्यालाही सांगता आलं नसतं. लोसेली त्याच्या खुर्चीत बसली, तिने अर्ज उघडला, ती चार विद्यापीठं यादीत वर घेतली आणि बटण दाबलं. अर्ज पोचल्याची ओळ स्क्रीनवर आली तेव्हा चार एकतीस झाले होते. आत्याने ती ओळ वाचली, निकालाचा कागद पर्समध्ये ठेवला, जूनच्या बॅचचा फॉर्म घडी घालून लॅकलनच्या हातात दिला आणि निघाली.

खाली गाडीत बसल्यावर लोसेलीने किल्ली लावली, पण फिरवली नाही. याच गाडीत वर्षभर ती कामावरून सुटून वाचत बसली होती, मागच्या सीटवर अजून सूत्रांचे कागद पडले होते. आनंद व्हायला हवा होता. तो होईना.

"त्याने एकदाच म्हटलं," ती समोर बघत म्हणाली. "तुम्हाला एकदा ऐकून एवढा राग आला. मी हे कॉलेजात ऐकलं, आता कामावर ऐकते, रोज. तुमच्या मानाने हुशार, तुमच्या मानाने वेळेवर. आणि रविवारी घरी आले, तर तुम्ही मला उभं केलंत. एक वाक्य पुरं बोलू दिलं नाहीत. तो परका होता, आत्या. तुम्ही तर माझ्याच होतात."

बापाच्या थोरल्या बहिणीशी असं कुणी बोलत नाही. सेमिसी तर सत्तावन्न वर्षांत बोलला नव्हता. पण बोललेलं परत घ्यावं असं लोसेलीला वाटेना.

 आत्याने पर्स उघडली, लोसेलीच्या मांडीवर एक वही ठेवून तिच्यावर तो कागद ठेवला आणि वर लाल पेन ठेवलं. ते पेन तिने आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

"काट," ती म्हणाली.

लोसेलीने 'असमाधानकारक'वर एक रेघ मारली.

"जोरात. चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे मला."

लोसेलीने दुसरी मारली, तिसरी मारली. कागद फाटला, पेनाचं टोक खालच्या वहीत घुसलं, तरी ती मारत राहिली. आत्याने तिला थांबवलं नाही. थांबल्यावर फाटका कागद तिने परत घेतला, नीट घडी घातली.

"परवा जेवण झाल्यावर हे वाचायचंय," ती म्हणाली. "सत्त्याहत्तर मागे आहेत ते, आणि चौऱ्याहत्तर, आणि मी काय लिहिलं होतं तेही. तुझ्या बापासमोर."

"पुन्हा मी नाही उभी राहणार."

"तू बसायचंस, खुर्चीत," आत्या म्हणाली. "उभी मी राहीन."