उजव्या डोळ्याची सवय

आमचे हे सुतार. फळी सरळ आहे की नाही, हे पट्टी लावून बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. फळीचं टोक गालाशी धरायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून नजर पार दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. नवी नवरी होते तेव्हा तो रुबाब बघायला मी चहा घेऊन दारात उगीच रेंगाळायची.

सत्तरी उलटल्यावर त्यांना फळ्या वाकड्या दिसू लागल्या. मधोमध फुगवटा. मग रंधा मारायचा, बघायचं, पुन्हा मारायचा. जाडजूड फळ्यांची पापडासारखी गत झाली. वखारवाल्याचा तर उद्धार रोजचाच.

दुकान आता मुलगा बघायचा. एकदा तो गिऱ्हाइकासमोरच म्हणाला, "बाबा, लाकूड सरळ आहे. तुमचा हात गेलाय. घरी बसा, टीव्ही बघा."

"हात गेला? तुला रंधा धरायला कुणी शिकवलं रे, शहाण्या?"

मी म्हटलं, "अहो, एकदा डोळे दाखवून येऊ."

"चष्मा आत्ताच तर बदललाय!" दोघं एकदम बोलले. बापलेकांचं एकमत झालं ते एवढ्यापुरतंच. वर मुलगा म्हणाला, "हातातली ऑर्डर जाऊ दे आई, मग नेतो." ती गेली, दुसरी आली. हे घरी बसले. टीव्हीतल्या माणसांना तोंडंच नाहीत म्हणाले, तेव्हा कुठे मुलाने गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांचा उजवा डोळा झाकला. चौकटींचा कागद सरळ दिसला. मग डावा झाकला. रेघा वाकल्या, मधे काळा डाग.

"पडद्याखाली रक्त उतरून व्रण पडलाय. रेघ पहिल्यांदा वाकडी दिसली, तेव्हाच यायचं ना! इंजेक्शनं देऊन बरीच नजर राखता आली असती. आता दुसऱ्याला जपा. रोज एकेक डोळा झाकून बघत जा."

घरी आल्यावर ह्यांनी तासून वाया घालवलेली एक फळी उचलली. उजवा डोळा मिटून, अवघडल्यासारखं, डाव्याने बघितलं. "मुळात सगळ्या सरळ होत्या गं," म्हणाले. रंधा मुलाच्या हातात ठेवला. मुलाने तो घेतला. हात गेला नव्हता, हे मात्र त्याच्या तोंडून अजून आलेलं नाही.

ह्यांच्याबरोबर रोज एकेक डोळा झाकून बघायची मलाही सवय लागली. आज सकाळी एक डोळा झाकला, तर दाराची चौकट मधेच वाकलेली. मुलाला सांगितलं.

"रविवारी बघू ना, आई. आज माल—"

"तू माल बघ," म्हणत मी चपला घातल्या.

हेही उठले. दाराशी थांबून त्यांनी चौकटीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"चौकट सरळ आहे," ते म्हणाले. "चल लवकर."