पुंडलिकचा डावा पाय

ट्रक दिसायच्या आधी त्याचा वास आला. क्लच प्लेट तापल्याचा वास श्रावण मिस्त्रीला झोपेतही ओळखू आला असता. देवळीबाहेर यवतमाळ रोडला, कडुनिंबाखाली त्याचं गॅरेज. तिथवर येता येता त्या जुन्या ट्रकने दोन आचके दिले आणि तो फाटकातच बंद पडला.

स्टेअरिंगवर जया होती, पुंडलिकची मुलगी. शेजारच्या सीटवर खुद्द पुंडलिक, आणि पठ्ठ्याचा चेहरा असा खुललेला की पोरगी जिल्ह्यात पहिली आली की काय असं वाटावं.

"पाह्यलं काय, श्रावण्या? पुन्हा बंद पाडली पोरीनं!" तो खिडकीतून ओरडला. "माह्या पायाशिवाय कोणाचं ऐकतच नाई ही गाडी!"

जया हसली नाही. ती उतरली आणि ओढणीने कपाळ पुसत बाजूला उभी राहिली. हेवीचं लायसन तिनं पहिल्या झटक्यात काढलं होतं; शिकवणीच्या ट्रकवर तिची गाडी कधी बंद पडली नव्हती. बापाच्या डोळ्यांना आताशा अंधार पडला की समोरचे दिवे फुटके दिसायचे, म्हणून त्यानं आपणहून ट्रक तिच्या हाती दिला होता. उद्या तिची पहिली भरलेली खेप होती. जिनिंग फॅक्टरीतून रुईच्या गठाणी, म्हणजे कापसाच्या दाबलेल्या गाठी, भरायच्या आणि तळेगावचा घाट चढायचा.

"काकाजी, खरं सांगा," ती हळूच म्हणाली. "माह्यातच काही कमी आहे काय? बाबाचा पाय लागला की गाडी कशी लोण्यावानी चालते. माहा लागला की मरते. जमत नसन तं आजच सोडून देते म्हणते मी."

पोरीत काहीच कमी नव्हतं. कमी ट्रकमध्ये होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.

पुंडलिकच्या डाव्या मांडीवर एकदा गठाण पडली होती. हाड जुळलं, पण पायात जोर काही परत आला नाही. नागपूरच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, की आता ट्रक विसरा. पुंडलिक घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून जो झोपला तो झोपलाच. बायकोशी बोलेना, लहानग्या जयाशी बोलेना. ज्या माणसाच्या गप्पांनी जिनिंगचे हमाल काम सोडून बसायचे, तो मुका झाला. श्रावणला ते बघवेना. एका दुपारी त्यानं ट्रक आपल्या गॅरेजात आणला आणि खाली शिरला.

क्लचचं पेडल दाबलं, की पहिल्यांदा ते नुसतंच खाली जातं. अंगठाभर जागा मोकळी असते, तशी ती असावीच लागते. मग क्लच सुटायला लागतो. श्रावणनं पेडलपासून क्लचकडे जाणाऱ्या रॉडवरचा नट फिरवून ती मोकळी जागा खाऊन टाकली. आता अर्ध्या दाबातच क्लच सुटायचा. मग तो पुंडलिकच्या घरी गेला, त्याला बखोटीला धरून आणलं आणि म्हणाला, "बसून तं पाह्य." पुंडलिक बसला. दुखरा पाय त्यानं कसाबसा दाबला, गिअर पडला, ट्रक निघाला. परतला तेव्हा तो डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि रडत होता.

तेव्हापासून 'माहा पाय वाघाचा आहे' हे त्यानं गावभर सांगितलं. काठी धरली नाही, कोणाचा हात धरला नाही, दुसऱ्याच्या गाडीला पायही लावला नाही. श्रावण गप्प राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोकळी जागा नसल्यामुळे क्लचचं आतलं बेअरिंग सारखं घासून लवकर जायचं. तो गुपचूप बदलायचा आणि वर 'मालच डुप्लिकेट येऊन राह्यला' म्हणून दुकानदाराच्या नावानं खडे फोडायचा. असा क्लच पेडल पार वर आल्यावर एकदम धरतो आणि प्लेट घसरून तापते; पुंडलिकला ते सांभाळणं अंगवळणी पडलं होतं. जयानं ते का शिकावं?

"जाय, चहा सांगून ये," श्रावण पुंडलिकला म्हणाला.

"मी कायले जाऊ? मी पाहतो न तू काय करतं ते." पुंडलिक एका जुन्या टायरवर ठाण मांडून बसला.

श्रावण पाना घेऊन ट्रकखाली सरकला. त्याच्या मागोमाग जयाही सरकली. तिला कोण अडवणार! तिनं हात लांबवून रॉड हलवून पाहिला, पुन्हा हलवला.

"काकाजी, याले तं मोकळी जागाच नाई."

श्रावणनं तोंडावर बोट ठेवलं. जया त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली. चाकांच्या पलीकडे टायरवर बसलेल्या बापाचे दोन पाय दिसत होते. डाव्याची पोटरी उजव्याच्या निम्मी होती. ती चप्पल हलवत तो कुठलं तरी भजन गुणगुणत होता.

जयाचे डोळे भरून आले. "राहू द्या," ती कुजबुजली. "मी अशीच शिकून घेईन."

"अन् भरल्या गाडीची प्लेट घाटात घसरली तं? मागं गेली गाडी तं? त्याचा पाय मोठा, का तुहा जीव?" श्रावण दबक्या आवाजात म्हणाला. इतकी वर्षं जपलेली गोष्ट मोडताना त्याला मित्राच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाटत होतं. त्यानं नट ढिला केला. रॉड हवा तेवढा मागे घेतला, अंगठ्याने मोकळी जागा मापली, आणि नट पुन्हा फिरू नये म्हणून वरचा चेक नट आवळला.

जया ट्रक घेऊन वजनकाट्यापर्यंत गेली आणि वळून आली. ना आचका, ना वास. फाटकातून ट्रक असा आत आला, की फांदीवरचा कावळाही उडाला नाही.

"शाब्बास वो माय!" पुंडलिक टाळ्या वाजवत उठला. पोरीचं कौतुक त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. "सरक, मले पाहू दे. काय केलं मिस्त्रीनं?"

"राहू दे न बे, ऊन होऊन राह्यलं," श्रावण घाईनं म्हणाला.

पण पुंडलिक ऐकेल तर पुंडलिक कसला! तो दांडा धरून वर चढला. त्यानं नेहमीसारखा पाय दाबला, गिअर टाकला. खर्रकन आवाज आला आणि ट्रक आचका देऊन मेला. त्यानं पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं गुडघ्यावर हात ठेवून पाय खाली रेटला. ओठ दाताखाली धरला, मानेच्या शिरा फुगल्या. पेडल पुरतं खाली गेलंच नाही.

पुंडलिकनं आपल्या पायाकडे पाहिलं. मग खिडकीतून खाली पाहिलं. श्रावणच्या हातात अजून पाना होता आणि त्याची मान खाली गेली होती.

"कधीपासून?" पुंडलिकनं विचारलं.

"तू बोलत नव्हता तवापासून."

"अन् ते बेअरिंग?"

"माल चांगलाच होता," श्रावण म्हणाला. "दुकानदाराले उगाच शिव्या देल्ल्या मी."

पुंडलिकनं दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि तोंड पलीकडे फिरवलं. जयाला वाटलं, बाबा आता पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. श्रावणलाही तेच भय होतं. पण पुंडलिकनं किल्ली काढली आणि खिडकीतून तिच्या ओंजळीत टाकली.

"तुह्यात काही कमी नाई वो बाई," तो म्हणाला. "उद्या घाटात पहिला गिअर सोडजो नको. मी बाजूले बसतो."

तो दांडा धरून हळूहळू उतरला. खाली आल्यावर क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं हात पुढे केला आणि श्रावणच्या खांद्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही. अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"चाल बे, चोरा," तो म्हणाला. "चहा पाज."

चहाची टपरी फाटकाला लागूनच होती. पण खांद्यावरचा तो भार इतक्यात उतरू नये म्हणून श्रावण तिच्यावरून पुढे गेला आणि पुंडलिकला सांभाळत, पावलापावलानं, बस स्टँडजवळच्या टपरीकडे निघाला.