कातड्यावरचा खंड्या

आश्विनातले ऊन. पंचगंगेच्या ओसरत्या पाण्यावरून उठलेले, ओल्या गवताचा गंध ल्यालेले, मधासारखे दाट ऊन. ते घाट चढून अंगणात आले, वाळत घातलेल्या कातड्यांवर रेलले, आणि बाभळीच्या सालीत मुरलेला त्यांचा तपकिरी रंग आतून उजळला.

शालनच्या डोळ्यांत मात्र निळा रंग होता.

नदीवर तिने खंड्या पाहिला होता. पाण्यावर झुकलेल्या फांदीवरून तो सुटला, हवेत एक नीलरेषा ओढून गेला, आणि चोचीत चमकता मासा घेऊन परतला. तेव्हापासून तो पक्षी तिच्या बोटांत फडफडत होता. त्याला चपलेच्या रुंद पट्ट्यावर उतरवायचे होते. पाऊल पडेल तिथे निळाई उडावी, आणि उडूनही तिथेच राहावी.

पण त्या घरात टिकण्याला एक कसोटी होती. सासरे रावजीमामा यांच्यापाशी घराण्याचा लोखंडी ठसा होता, नखाएवढ्या चंद्रकोरीचा. तळ झिजला तरी वरचा पट्टा टिकेल अशी खात्री पटली, तरच ती कोर उमटे. शालनला आपल्या पक्ष्याशेजारी ती कोर हवी होती. बाकी काही नको होते.

मामांचे म्हणणे ठरलेले. रंग म्हणजे पाव्हणा, पहिल्या पाण्याला घरी जाणार. त्याला घरची कोर कशाला.

आणि झालेही तसेच. काल पहिला खंड्या उमटला, झळाळला, आणि ओले फडके फिरताच पंख, पोट, चोच, सारे सालीसारखे निसटून आले. शालनने पट्टा नाकाशी नेला. तेलाचा वास.

"मामा, ह्याला तेल पाजलंसा?"

"तहानलं हुतं गं." मामा खाली बघत म्हणाले. "कोरडं टाकून गेलीस. जनावर गेलं म्हणून तहान जाती व्हय?"

तिला रागवायचे होते, हसूच आले. जन्मभर कातड्याला तेल पाजलेले ते हात. त्यांना कोण सांगणार, की तेल प्यालेल्या कातड्यात रंगाला मूळ धरता येत नाही?

तिनेच सांगितले. मामांनी ऐकून घेतले, उत्तम कातड्याचा नवा पट्टा कापून दिला, आणि तेलाच्या वाटीकडे आपोआप जाऊ नयेत म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

शालनने पट्टा स्पिरिटने पुसला. वर जाळीची चौकट टेकवली, खंड्याच्या आकारापुरतीच रंग खाली सोडणारी. आधी पांढरा; तपकिरीने निळा गिळू नये म्हणून खाली अंथरलेला, शुभ्र, मुका पांढरा. मामांच्या भुवया चढल्या. वाळला. मग दुसरी चौकट, आणि रबरी पट्टीच्या एका सलग ओढीत निळा आला. निळा! डोहाचा निळा, मोरपिसाला हिणवणारा निळा, उन्हालाही डोळे मिटायला लावणारा निळा. मग पोटावर नारिंगी, शेंदरी झाक असलेला, धगधगता. वर कापड घालून तिने गरम इस्त्री टेकवली. ऊब उतरली, रंग कातड्यात रुतला, आणि पक्ष्याने जणू नखे रोवली.

रंग पुरता मुरल्यावर, ऊन कलताना, मामांनी हात सोडले.

त्यांनी पट्टा दुमडला, उलटा दुमडला, मुठीत चुरगाळला. निळाईला चीर गेली नाही. त्यांनी तो घंगाळात बुडवला, बुडवूनच ठेवला. शालनचा श्वासही त्या पाण्याखाली. मग बाहेर काढून आपल्या पांढऱ्या धोतराचा सोगा त्यावर घासला, पुन्हा घासला, हट्टाने घासला, आणि उजेडात धरला.

सोगा पांढराच होता.

मामा आत गेले. येताना एका हातात हातोडी, दुसऱ्यात ठसा.

"भिजल्यालं हाय तंवर उठंल बरं," ते म्हणाले. "कुठं मारू?"

शालनने खंड्याच्या चोचीशी बोट ठेवले.

एकच घाव. ओल्या कातड्यात कोर खोल उतरली, तिच्या खोबणीत पाण्याचा थेंब साचला, थेंबात मावळते ऊन साचले. आणि निळ्या पंखांच्या, नारिंगी पोटाच्या, नुकत्याच नदीतून वर आलेल्या त्या खंड्याच्या चोचीत एक इवला, वाकडा, रुपेरी मासा चमकला.