हलू नये म्हणून बांधलेला गाडा

वॉली ट्रेझाइजनं बांधलेला गाडा पहिल्यांदा जॅकवरून जमिनीवर टेकला तेव्हा शेड कलली, असं क्वॉर्न गावातली माणसं सांगतात. साफ खोटं. शेड आधीपासूनच कललेली होती. गाडा टेकला तशी ती सरळ झाली.

गाडा म्हणजे गाडीमागं जोडून रानोमाळ न्यायचा ट्रेलर. वर उलगडणारा तंबू आणि त्यात बिछाना, मागं कप्पा ओढला की बाहेर येणारं स्वयंपाकघर, पोटाखाली पाण्याची टाकी. असे गाडे बाजारात तयार मिळतात. पण तयार हा शब्द वॉलीला शिवीसारखा लागायचा. त्याची हयात मेंढ्यांच्या रानात पवनचक्क्या उभ्या करण्यात गेली होती. वादळ आलं, वावटळ आली, तरी लोखंडी मनोरा बोटभर हलता कामा नये, ही त्याची विद्या. हलणारी वस्तू दिसली की वॉली तिला एक बोल्ट मारायचा. मर्लच्या स्वयंपाकघरातलं टेबल त्यानं असं रोवलं होतं, की उद्या घर पडलं असतं तरी टेबल तिथंच उभं राहून पुढच्या घराची वाट बघत बसलं असतं.

हा गाडा मर्लसाठीच होता. मर्ल त्याची बायको. तिचं बालपण गेलं उत्तरेला, तळ्याकाठच्या मेंढीरानात. तळं म्हणायचं आपलं. आयर सरोवर म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेलं पांढरं मीठ. पाणी येतं कधीतरी, मनाला वाटलं तर. मर्लच्या बापानं त्या कधीतरीच्या भरवशावर अंगणात एक होडी आणून ठेवली होती. पाणी काही आलं नाही. कोंबड्या मात्र होडीत अंडी घालायला लागल्या. पुढं मर्ल लग्न होऊन क्वॉर्नला आली आणि तळं भरलं. एकदा भरलं तेव्हा पोरांना गोवर, दुसऱ्यांदा वॉली पवनचक्कीवर टांगलेला. तळ्याकाठी जन्मलेल्या बाईनं तळ्यात पाणी म्हणून पाहिलं नव्हतं.

आणि आता तिचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधली नजर जाणार. सुई ओवायला लागते ती, माणसाचं तोंड ओळखायला लागते ती. कडेकडेचं थोडं राहील. मर्ल घरी आली, चहा टाकला आणि म्हणाली, "वॉली, क्वीन्सलंडात म्हणे धो धो पडतोय. नद्या खाली तळ्याकडे निघाल्यात. ह्या खेपेला मला तळं बघायचंय. काठावर झोपायचं, सकाळी उठून पाणी बघायचं. मग डोळे गेले तर गेले."

"गाडा बांधतो," वॉली म्हणाला. फसलं ना तिथंच सगळं.

चांगला निम्मा गाडा झाला आणि शेडमध्ये पंचमंडळी जमायला लागली. आमच्याकडे शेडचं दार उघडं दिसलं की माणूस बिअरचा खोका घेऊन आत शिरतो, आणि फुकट बसायला नको म्हणून सल्ला देतो. पंचांत मुख्य स्नो, वॉलीचा जुना जोडीदार, केस पांढरे म्हणून नाव स्नो.

"एकच टाकी?" स्नो म्हणाला. "फुटली म्हणजे? तहानेनं मरशील, लेका."

दुसरी टाकी लागली. पुढच्या आठवड्यात दुसरं जादा चाक, मग त्याला धरायला कमान, कमानीला धरायला दुसरी कमान. चॅसिस वॉलीनं बोअरच्या केसिंग पाइपची केली होती, कारण ते पाइप घरात होते आणि बोअर कधी वाकत नाही. मग भट्टी आली. न्हाणीघर आलं, वर गरम पाण्याचं पिंप. शेवटी एक भलामोठा शेगडा, म्हणजे लोखंड आवळून धरायचा व्हाइस, गाड्याच्या नाकावर बसवला.

मर्ल दारात उभी राहून म्हणाली, "हा कशाला?"

"वाटेत काही दुरुस्त करायचं झालं तर."

"काय दुरुस्त करायचं?"

"गाडा."

"वॉली," ती शांतपणे म्हणाली, "हे चालायला बांधतोयस की उभं राहायला?"

पंचांनी बिअरकडे बघितलं. वॉलीनं नवा बोल्ट घेतला.

स्नोची बायको म्हणाली, विमानानं जाऊन ये की, वरून दाखवतात. मर्ल म्हणाली, वरून बघायचं तर कॅलेंडर काय वाईट आहे? तोवर पाणी तळ्यात शिरलं होतं, पसरलं होतं, पाणकोळी, ते झोळीसारख्या चोचीचे मोठे पांढरे पक्षी, कुठून कुठून उडत आले होते, आणि रेडिओवरचा माणूस आता पाणी हटायला लागलं म्हणून सांगत होता. मर्ल रेडिओ ऐकायची आणि केटलीतलं पाणी कपाच्या शेजारी ओतायची. मधला कप तिला दिसेनासा झाला होता. वॉलीनं ते पाहिलं. टेबल पुसलं. आणि शेडमध्ये जाऊन गाड्याला रंगाचा तिसरा हात द्यायला घेतला, कारण कुठल्याही दुःखावर त्याला एवढंच येत होतं.

शेवटी मर्लनं निकाल लावला. "शुक्रवारी मी गाडीत बसणार. मागं गाडा असो नाहीतर नसो. आणि पुढं तू असो नाहीतर नसो."

"तुला दिसत नाही, गाडी कोण चालवणार?"

"बाप होडी चालवायचा अंगणात. मी बघेन माझं."

शुक्रवारी निघाले. पंच रांगेत उभे राहिले, एकानं टोपी काढली. गाडा निघायला तयार नव्हता. बाजारात विकायला न्यायच्या बैलासारखा तो चारी पाय रोवून उभा राहिला आणि मग गाडीनं असा हुंकार दिला, की पुढच्या हॉकर गावापर्यंतची कुत्री भुंकली. चढावर एक मेंढरांचा कळप त्यांच्या पुढं गेला. कळपामागची म्हातारी कुत्री तर मागं वळून थांबलीसुद्धा, वाटलं असेल, हेही आपल्यातलंच एक मागं राहिलं.

मारी गावाच्या पुढं डांबर संपलं. तिथून रस्ता म्हणजे पन्हाळी पत्रा. दातातली फटसुद्धा खडखडते. वॉलीनं रिवाजाप्रमाणे टायरमधली हवा कमी केली, पण हवेनं वजन थोडंच कमी होतं? दुपार कलताना मागून कडाड आवाज आला, गाडा डाव्या अंगावर बसला, आणि लाल धूळ उडून दोघांच्या अंगावरून पुढं निघून गेली.

वॉली खाली वाकला. स्प्रिंगचे पाटे तुटले होते. सगळे.

आमच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओलांडून कोणी पुढं जात नाही. गेला तर त्याचं नाव रस्त्याच्या पार त्या टोकाला, बर्ड्सव्हिलपर्यंत जातं आणि तिथं त्याला कोणी चहा देत नाही. म्हणून वॉलीनं वर बघायच्या आत रस्ता सपाट करायचा ग्रेडर येऊन शेजारी थांबला होता. वरून बेव्ह उतरली, हात कमरेवर, तोंडावर माश्या. ह्या रस्त्याचा पत्रा ती वर्षानुवर्षं ठोकत होती.

तिनं गाड्याभोवती एक फेरी मारली. शेगड्यापाशी थांबली.

"हे काय ओढतोयस, बाबा? गाव?"

"मुक्कामाचा गाडा आहे," वॉली म्हणाला.

"मुक्काम केलाय खरा त्यानं. हे बघ, मी तुला ओढून मारीला नेते. पाटे अॅडलेडहून येतील. पंधरवडा धर."

"पंधरवड्यात तळ्यात काय राहील?" मर्लनं विचारलं. ती गाडीतून उतरून आवाजाच्या रोखानं आली होती.

बेव्हनं तिच्याकडे पाहिलं. मर्लची नजर तिच्या कानाशेजारून कुठंतरी जात होती. बेव्हचा आवाज उतरला. "चिखल राहील, मावशी. पाणी रोज मागं सरतंय."

वॉलीनं गाड्याकडे पाहिलं. प्रत्येक बोल्ट त्याला नावानिशी ठाऊक होता. मग त्यानं पाना काढला.

आधी शेगडा उतरवला. त्याच्याखालचा रंग अजून ओला होता म्हणतात, इतका दाट दिलेला. मग भट्टी. मग दोन्ही कमानी, जादा चाक, दुसरी टाकी. न्हाणीघर काढताना बोल्ट सुटेना. वॉलीनंच मारलेला बोल्ट, तो कसला सुटतोय. बेव्हनं ग्रेडरची साखळी लावली आणि न्हाणीघर एका हिसक्यात रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहिलं, जणू आंघोळीला कोणी येणारच होतं.

"दुखतंय का रे?" मर्लनं विचारलं.

"कुठं?"

"सगळीकडे."

"शेगड्याचं थोडं दुखलं," वॉली म्हणाला.

तुटल्या पाट्यांच्या जागी त्यानं मल्गाचा ओंडका बसवला. मल्गा म्हणजे बाभळीच्या घराण्यातलं झाड, कुऱ्हाडीला रडवतं. ओंडका ॲक्सलवर ठेवून साखळीनं आवळला. तो जरा हलत होता. वॉलीचा हात सवयीनं बोल्टाकडे गेला.

"राहू दे की जरा हलता," मर्ल म्हणाली.

वॉलीनं हात मागं घेतला.

काढलेलं सगळं जवळच्या एका मेंढीरानाच्या फाटकाशी, टपालपेटी म्हणून ठेवलेल्या जुन्या फ्रिजपाशी मांडलं. ज्याला लागेल त्यानं न्यावं, असा रिवाज आहे. ते न्हाणीघर आजही त्या रस्त्यावर फिरतंय. प्रत्येक घर त्याला वर्षभर वापरतं आणि पुढच्या घरी देतं, एका नवरीला तर ते आहेरात मिळालं. शेगडा कोणी उचलू शकलं नाही. तिथला रस्ता आता त्याला वळसा घालून जातो. बेव्हनंच वळवला.

उरला तो नुसता बिछाना, चाकं आणि केटली. गाडा असा उड्या मारत निघाला, की वॉलीला दोनदा आरशात बघावं लागलं, हा आपलाच का म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या वेळी ते काठावर पोचले. वॉलीनं इंजिन बंद केलं आणि समोर नजर टाकली. काठाला पाणी नव्हतंच. वाळलेल्या चिखलाचा पट्टा, त्यावर मिठाची साय, आणि त्याच्याही पलीकडे कुठंतरी पाणी; रुंद, सपाट, चमचमणारं, पण लांब. हात धरून त्यानं मर्लला जेवढं नेता येईल तेवढं नेलं. चिखल घोट्याला लागला तिथं थांबले.

"समोर आहे," तो म्हणाला.

मर्लनं मान ताठ करून समोर पाहिलं. बघत राहिली. वाऱ्याला मिठाचा वास होता, आणि लांबून पाणकोळ्यांचा गलका येत होता.

"राखाडी आहे नुसतं," ती म्हणाली. "मधे भोक पडलंय. आवाज येतोय रे, दिसत नाही."

वॉलीला आठवला रंगाचा तिसरा हात. दुसरी टाकीही आठवली. "मर्ल," तो म्हणाला, "पाणी वेळेवर आलं होतं. मीच..."

"तूच!" मर्ल गर्रकन त्याच्याकडे वळली. तळं तिच्या डाव्या अंगाला गेलं. "कमानीला कमान लावतोस, म्हाताऱ्या! टाकीला टाकी! तुझ्या त्या शेगड्याच्या..."

आणि ती थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं?"

"हलू नकोस."

"साप आहे?"

"वॉली, हलू नकोस म्हणते ना! तुझ्याकडे बघितलं की कडेनं दिसतंय." तिचा आवाज चिरकला. "चमकतंय. अगं बाई. अख्खं चमकतंय. आणि त्यावर पांढरं पांढरं हलतंय... ते पाणकोळी का रे?"

"पाणकोळीच."

"किती आहेत! बाबांची होडी काय खुश झाली असती. मान वळवली की जातंय. नजरेला टेकायला काहीतरी लागतं. तू उभा राहा."

वॉली उभा राहिला. मग माश्या आल्या. एक नाकावर बसली, एक ओठावर, चार डोळ्यांच्या कडांना. आमच्याकडच्या माश्या म्हणजे काय सांगावं. एकदा त्यांनी हॉटेलातली दोन गिऱ्हाइकं उचलून नेली होती. वॉलीचा हात अर्धा वर आला.

"हात खाली," मर्ल म्हणाली.

हात खाली गेला. माशी नाकपुडीत डोकावून आली. सूर्य पाण्याला लागला, पाणी गुलाबी झालं, मग तांबडं, आणि पाणकोळ्यांचा एक थवा उठून दोघांच्या डोक्यावरून गेला. मर्ल वॉलीकडे बघून हसत होती आणि रडत होती.

"तुझं तोंड मात्र दिसत नाही," ती म्हणाली. "मधे नुसता धूर आहे. कान तेवढे दिसतात."

"मग फार काही बुडालं नाही," ओठ न हलवता वॉली म्हणाला.

मागं मल्गाच्या ओंडक्यावर गाडा वाऱ्यानं जरा जरा हलत होता, आणि त्यावर लटकवलेली केटली वाजत होती. वॉलीला ते ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती तशीच वाजू दिली.

उजेड विझेपर्यंत तो उभा राहिला. घोट्याएवढ्या चिखलात, माश्या अंगावर घेऊन, बोटभरही न हलता. शेवटी मर्ल म्हणाली, "चल आता, चहा टाक. सकाळी परत इथंच उभं राहायचंय तुला."

"इथंच?"

"जरा डावीकडे," मर्ल म्हणाली. "तुझ्या कानाआड एक बेट येतंय."